सौद्यामागे एक नाणं

निवृत्तीनंतर आमचे हे घरात भाजी निवडून देतील, कुंड्यांना पाणी घालतील, फार तर टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतील, अशी माझी समजूत होती. ह्यांनी निवृत्त झाल्या झाल्या मोबाइलवर शेअर्सचं खातं उघडलं. त्यात पहिले पैसे घातले ते माझ्या स्वयंपाकघरातल्या नव्या ओट्यासाठी ठेवलेले. ग्रॅनाइटचा काळा ओटा मी पसंतसुद्धा करून आले होते.

कल्याण पूर्वेला आमची चार मजली, लिफ्ट नसलेली बिल्डिंग आहे. गच्चीवर पत्र्याची शेड आहे. बाजार उघडायच्या वेळेला तिथे तीन खुर्च्या लागतात. एक ह्यांची. दुसरी तळमजल्यावरच्या मास्तरांची, गुडघे दुखतात म्हणून एरवी पेपर आणायलाही न जाणारे मास्तर चार मजले चढून वर येतात. तिसरी बँकवाल्यांची. या गृहस्थांनी उभा जन्म लोकांना फिक्स डिपॉझिट करायला लावलं आणि निवृत्त झाल्यावर स्वतः मात्र फिक्स डिपॉझिटशी काडीमोड घेतला. सकाळी घेतलेला शेअर दुपारी विकायचा, संध्याकाळी तो का विकला यावर वाद घालायचा, हा त्यांचा दिनक्रम.

मी ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. आयुष्यभर लोकांची भांडणं ऐकल्यामुळे मला घरात भांडायचा कंटाळा येतो. मी सरळ निकाल देते. पण इथे निकाल देऊन उपयोग नव्हता, कारण आरोपी रोज नवा गुन्हा करत होता आणि वर म्हणत होता, "अगं, लाँग टर्ममध्ये बघ ना."

याच सुमाराला आमच्या वरच्या मजल्यावर मलावीची मुलगी राहायला आली. मलावी हा देश आफ्रिकेत आहे हे मला मास्तरांनी नकाशा काढून दाखवलं. ती स्कॉलरशिपवर आलेली, ठाण्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होती. ठाण्यातली भाडी परवडेनात म्हणून कल्याणला आली. उंच, हसरी, आणि जिना उतरताना गुणगुणणारी. पहिले काही दिवस बिल्डिंगने तिच्याकडे नुसतं टक लावून बघितलं. मग एका रविवारी ती बाजारातून पिशवीभर सुकी मासळी घेऊन आली आणि तिच्या खिडकीतून जो वास सुटला त्याने मी घायाळ होऊन वर गेले. तिने लहान सुकी मासळी टोमॅटो-कांद्यात परतली होती आणि सोबत मक्याच्या पिठाचं घट्ट, आपल्या उकडीसारखं काहीतरी केलं होतं. त्यांच्या देशात मोठं तळं आहे, त्यात बोटाएवढी मासळी मिळते, ती अशीच वाळवतात म्हणे. कल्याणच्या सुकट बाजारात तिला तिचं घर सापडलं होतं. मी दोनदा वाढून घेतलं. त्या दिवसापासून ती मला काकी म्हणायला लागली.

ती माझ्या जुन्या ओट्यापाशी उभी राहून अभ्यासाचं बोलायची. मराठी, हिंदी, इंग्रजी, जे हाताला लागेल त्यात. शेवटच्या वर्षाला तिने प्रकल्पाचा विषय घेतला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते.

"काकी, जगात रोज शेअर, चलन, काय काय घेतात-विकतात. त्या एकेका सौद्यावर चिमूटभर टॅक्स लावायचा. आणि तो पैसा गरीब देशांना द्यायचा. दवाखाने, शाळा, पाणी. असं म्हणतात लोक."

"मग लावतात का?"

"काही देश लावतात. पण बहुतेक जण पैसे स्वतःकडेच ठेवतात. गरीब देशांचं फक्त बोलतात."

मला हसू आलं. माझी आई चाळीत भात टाकताना मोजून घेतलेल्या तांदळातून एक मूठ परत काढायची आणि अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात टाकायची. रोज. महिन्याच्या शेवटी विहारातले एक काका पिशवी घेऊन यायचे आणि घराघरातले तांदूळ मुलांच्या वसतिगृहाला जायचे. एका मुठीने आमचा भात कधी कमी पडला नाही. त्या तांदळावर शिकलेल्या कोण कोण मुलांच्या मुलाखती पुढे आम्ही पेपरात वाचल्या, तेव्हा आई म्हणायची, "आपण काय उपकार नाही केले, त्यांचा हक्कच होता तो." मी मुलीला हे सांगितलं आणि पिठाच्या हाताने फळीवरचा डबा दाखवला. आईचाच. मी त्यात चिंच ठेवते.

"काकी," ती म्हणाली, "हाच माझा प्रकल्प आहे. मी इतकी पुस्तकं उगीच वाचली."

त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिंच मी बरणीत ओतली, डबा घासला आणि तसाच गच्चीवर नेऊन तीन खुर्च्यांच्या मधोमध ठेवला.

"आजपासून," मी जाहीर केलं, "या गच्चीवर बसून जो शेअर घेईल किंवा विकेल, त्याने प्रत्येक वेळी दहाचं एक नाणं यात टाकायचं."

"वहिनी, सरकार घेतं ना प्रत्येक सौद्यावर टॅक्स!" बँकवाले म्हणाले.

"ते सरकारचं झालं. हे गच्चीचं."

"आणि पैसे जाणार कुठे?" मास्तरांनी विचारलं.

तेव्हा ते माझंही ठरलं नव्हतं. खरं सांगते, तेव्हा मला दानधर्माची काही पडली नव्हती. खिशाला चाट बसली की हे लोक जरा कमी खेळतील आणि माझा ओटा वाचेल, एवढाच माझा हिशेब होता. पण हार कशी मानायची? "गरीब देशांना," मी ठोकून दिलं.

"आपल्याकडे पाणी दिवसाआड येतं वहिनी! आपणच गरीब देश."

"म्हणून शेजारणीला साखर द्यायची नाही का?"

तिघांनी तो डबा हसण्यावारी नेला आणि नाणी टाकू लागले. आमच्याकडे दहाचं नाणं कुणी पटकन घेत नाही. रिक्षावाला नाक मुरडतो, भाजीवाली नोट मागते. प्रत्येकाच्या घरी कपाटात नाणी साचलेली असतात. ती खपवायची जागा मिळाली म्हणून सुरुवातीला मंडळी खूशच होती. डबा खुळखुळू लागला.

ते पैसे नक्की कुठे जाणार हे मला एका दुपारी कळलं. मुलगी माझ्याकडे चहाला आली होती आणि तिचा फोन वाजला. पलीकडे तिची आई होती. मला भाषा कळत नव्हती, पण आवाजातली काळजी ओळखायला भाषा लागत नाही. फोन ठेवल्यावर तिने सांगितलं. तिच्या गावी बायकांच्या गटाची मका दळायची गिरणी आहे, आपल्या बचत गटासारखा गट. तिकडे गिरणीला चिगायो म्हणतात. तिची आई ती चालवते. त्यावरच चार लेकरं मोठी झाली. गिरणीचं डिझेल इंजिन वर्षभर बंद पडलंय. बायका डोक्यावर मका घेऊन दूरच्या गावी पायी जातात आणि तिची आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाते.

"इंजिन कुठलं?" मी विचारलं.

तिने भावाने पाठवलेला फोटो दाखवला. इंजिनावरच्या पितळी पट्टीवर गुजरातमधल्या गावाचं नाव होतं. मी बघतच राहिले. आमच्या इथून एका रात्रीच्या प्रवासावर बनलेलं इंजिन तिच्या आईच्या दारात बंद पडून होतं. पिस्टन, लायनर, रिंगा आणि तेलाचा पंप, एवढं बदलायला हवं होतं. ती परीक्षा झाली की घरी जाणार होती आणि जाताना ते सुटे भाग न्यायचे म्हणून स्कॉलरशिपमधून पैसे बाजूला टाकत होती. कसे, तेही मला तेव्हाच कळलं. मक्याचं पीठ आणि सुकी मासळी तिला आवडायची हे खरं, पण दुपारचं जेवण ती करतच नव्हती. आधी तिला जेवायला वाढलं, मग वर जाऊन डबा आणला आणि तिच्यापुढे ठेवला.

ती ताठ झाली. हसरी मुलगी अशी ताठ झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"नको काकी. मला चॅरिटी नको. माझ्या आईला तर मुळीच नको."

मला तिचा राग नाही आला. उलट जवळची वाटली ती. आमच्या घरात आम्ही हेच ऐकत वाढलो.

"चॅरिटी कोण देतंय?" मी म्हटलं. "टॅक्स आहे हा. तूच शिकवलास. टॅक्स घ्यायला कुणापुढे वाकावं लागत नाही."

तिने डबा उचलून खुळखुळवून बघितला. मग म्हणाली, "मग आमच्या गिरणीवर पण टॅक्स. चालू झाली की प्रत्येक पोत्यामागे एक मूठ पीठ. शेजारच्या गावाची पण गिरणी बंद आहे. त्यांच्यासाठी."

"मंजूर," मी म्हटलं. कोर्टात इतकी वर्षं काढून हा शब्द पहिल्यांदाच माझ्या तोंडी आला.

मी तिघांना गच्चीवर सगळं सांगितलं आणि तिथेच घोळ झाला. हे लोक भावनेच्या भरात काय करतील याचा मला अंदाज आला नाही. दुसऱ्या दिवशी डबा दुपारपर्यंत जड. तिसऱ्या दिवशी आणखी जड. मला वाटलं, चांगली मोठी उलाढाल चाललीय. वर जाऊन बघते तर मास्तर एकच शेअर घेत होते, विकत होते, परत घेत होते. बँकवालेही तेच. आणि आमचे हे घाम पुसत म्हणाले, "अगं, गिरणीसाठी! आज माझी सगळ्यात जास्त नाणी पडली!"

प्रत्येक सौद्याला दलाली जाते, सरकारचा कर जातो, हे पहिल्या दिवशी स्वतःच सांगणारे बँकवालेही विसरले होते. दहा रुपये गिरणीला देण्यासाठी हे तिघं त्याहून जास्त पैसे बाजाराला देत होते, वर मास्तरांनी घाईघाईत चढ्या भावाने घेऊन पडत्या भावाने विकलं होतं. माझ्या ओट्याचा एक कोपरा गेला होता. मी कपाळावर हात मारला. "अहो, नाणं सरळ टाकलं असतं तर चाललं नसतं का?"

"तसं कसं?" ह्यांचा चेहरा उतरला. "ती चॅरिटी झाली असती. तिला चालत नाही ना."

मला त्या क्षणी ह्यांचा इतका राग आला होता आणि हे मला इतके आवडले होते की मी रागारागाने पदराने ह्यांचा घाम पुसला.

मुलीला हे समजलं तेव्हा ती आधी खो खो हसली आणि मग गंभीर झाली. "पुस्तकात हाच वाद आहे, काकी. टॅक्स लावायचा तो लोकांना थांबवायला, की पैसे जमवायला? थांबले तर पैसे नाहीत. नाही थांबले तर नुकसान. तुमचा ओटा मोडून आमची गिरणी नको. डबा बंद करा."

डबा बंद केला. दोन-तीन दिवस गच्ची सुनी सुनी झाली. तिघं खुर्च्यांवर बसत, पण फोन खिशात. परीक्षा जवळ आली होती, डब्यात होते ते पैसे पिस्टनपुरतेसुद्धा नव्हते आणि ती पुन्हा दुपारची जेवत नाही की काय या शंकेने मी रोज तिला हाक मारून वाढत होते. मला चैन पडत नव्हतं.

तोडगा सापडला तो कपडे वाळत घालताना. मी दोरीवर चादर टाकत होते, पलीकडे तिघांना वाटत होतं मी नाहीच. मास्तर म्हणाले, "सिमेंट वर जाणार, लिहून घ्या." बँकवाले म्हणाले, "सिमेंट सोडा, औषधं बघा." हे म्हणाले, "माझं ऐका, वीज कंपन्या." एकाही फोनला हात न लावता पाऊण तास एकमेकांना सल्ले चालले होते. मी चादर बाजूला सारली.

"कायदा बदलला," मी म्हटलं. "शेअर घ्यायचे तेव्हा घ्या, त्याला टॅक्स नाही. पण इथे जो दुसऱ्याला टीप देईल, न विचारता, त्याने नाणं टाकायचं."

"त्यात काय वहिनी, आम्ही टिपाच देणार नाही," बँकवाले म्हणाले. आणि लगेच मास्तरांकडे वळून म्हणाले, "पण मास्तर, तुमचं ते सिमेंट आजच काढून टाका हं."

पहिलं नाणं त्यांचंच पडलं.

मग जी मजा सुरू झाली! शेअर घेणं-विकणं ही माणसं सोडू शकत होती, नुकसान झालं तसं सोडलंही बरंचसं. पण सल्ला देणं कोण सोडतंय? तोंडातून शब्द निघाला की बाकीचे दोघं ओरडायचे, "नाणं!" हे तर झोपेतून उठल्यावर चहासोबत मला टीप द्यायचे आणि बनियनवर नाणं शोधत फिरायचे. तिसऱ्या मजल्यावरची सासू सुनेला सोनं कधी घ्यावं ते सांगत होती, मास्तर जिन्यात ऐकत होते, तिलाही वर बोलावून नाणं घेतलं. बिल्डिंगमधल्या कपाटांतली नाणी संपली. मग हे नाक्यावरच्या रिक्षा स्टँडवर नोटा घेऊन गेले, नाणी द्या म्हणून. रिक्षावाल्यांना वाटलं माणसाचं डोकं फिरलं. कशाला हवीत ते कळल्यावर एकाने मूठभर नाणी दिली आणि वर फुकटचं सांगितलं, "काका, सीएनजीवाल्या कंपनीचा शेअर घ्या, आम्ही रोज भरतो." ह्यांनी हात पुढे केला आणि त्यानेही हसत हसत एक नाणं जास्तीचं टाकलं.

परीक्षा संपायच्या आतच आम्ही दोघी कल्याणच्या बाजारात गेलो. शेतीचे पंप आणि इंजिनांचं एक दुकान आहे, मुरबाड-शहापूरचे शेतकरी जिथे येतात. मुलीने पितळी पट्टीचा फोटो दाखवला. दुकानदाराने गुजरातला फोन लावला आणि आठवडाभरात माल आला. बिल भागवायला आम्ही नाण्यांची पिशवी काउंटरवर ठेवली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण त्याने मोजून घेतली. उरलेले पैसे तिच्या साठवलेल्यातले. तेवढा तिचा वाटा असायलाच हवा होता, आणि मी तो थांबवला नाही.

लायनर म्हणजे लोखंडी नळकांडं, उचलताना मनगट वाकतं. विमानात सामानाला वजनाची मर्यादा. आमच्या गच्चीवर तिची बॅग वजनकाट्याला टांगली, बँकवाले आकडा वाचत होते आणि आम्ही बॅगेतून वस्तू काढत होतो. तिची पुस्तकं निघाली. दोन जोडी चपला निघाल्या. सुक्या मासळीची पुडी मी काढली तर तिने परत घातली. शेवटी लायनर तिने माझ्या जुन्या साडीत, तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसं गुंडाळलं आणि मधोमध ठेवलं. प्रकल्पाला तिला चांगले गुण मिळाले होते. त्यात एक प्रकरण आमच्या गच्चीवर होतं, तिघांच्या चुकांसकट. तिघांनी ते प्रत्येक पाहुण्याला दाखवलं.

ती गेली त्या सकाळी मास्तर जिना चढून-उतरून दोनदा तिच्या बॅगेला हात लावून आले. मी रडले, सरळ सांगते. ती रिक्षातून मान बाहेर काढून हात हलवत होती आणि मी तिला ओरडून सांगत होते की दुपारची जेवत जा.

त्यानंतर बरेच दिवस काही नाही. पोचल्याचा निरोप आला, मग शांतता. मी मनातल्या मनात शंभर गोष्टी रचल्या. लायनरचं माप चुकलं असेल. पंप वाटेत फुटला असेल. मेकॅनिक मिळाला नसेल. आई अजून दुसऱ्यांच्या शेतात राबत असेल आणि पोरगी ते आम्हाला सांगायला लाजत असेल. काळजी ह्यांनाही होती. त्या दिवसांत गच्चीवर कुणी टीप दिली नाही, डब्यात एकही नाणं पडलं नाही, यावरून काय ते समजा.

मग एका दुपारी तिचा आवाजाचा मेसेज आला. मी फोन घेऊन धावत गच्चीवर गेले. तिघांच्या मधोमध फोन ठेवला आणि चालू केला.

"काकी, ऐका," एवढंच ती म्हणाली. मग डुग, डुग, डुग, डुग. संथ, जाडा, एकसारखा आवाज. माझ्या आजोळी विहिरीवरचं इंजिन असंच वाजायचं. मागे बायकांचा कालवा, कुणीतरी टाळ्या वाजवतंय. आणि त्या सगळ्यावर एका बाईचा खणखणीत, रागावलेला आवाज. मला वाटलं काहीतरी बिघडलं. तेवढ्यात मुलगी हसत हसत पुन्हा बोलली, "ती आई आहे. भांडतेय. एक बाई दळण घेऊन मूठ न टाकताच निघाली होती, तिला परत बोलावलंय."

मी त्या बाईला कधी पाहिलेलं नाही, पण ती कंबरेवर हात ठेवून कशी उभी असेल हे मला तंतोतंत दिसलं, कारण मी तशीच उभी राहते.

बँकवाले चष्मा पुसत राहिले. मास्तरांनी मेसेज पुन्हा लावायला सांगितला. ह्यांनी डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकला, बराच वेळ, आणि मग खुर्चीत पुढे सरकून बसले.

"मी काय म्हणतो," हे म्हणाले, "हे इंजिन बनवणारी कंपनी शेअर बाजारात असेल ना, तर ती डोळे झाकून..."

आम्ही कुणी काही बोलायच्या आतच ह्यांचा हात खिशात गेला होता.